टेंपो कुणाचा, सामान कुणाचं?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला 91 टक्के होते. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या फायरफ्लाय कंपनीचं 'ब्लू घोस्ट' यान चंद्रावर उतरलं, तेव्हापासून तिला त्याचंच वेड आहे. म्हणून आम्ही ठरवलं : जेईई, मग एरोस्पेस, अमेरिकेत एमएस आणि फायरफ्लायसारख्या कंपनीत नोकरी. वेळ पडली तर फ्लॅट तारण ठेवू. पण ती गच्चीवरच्या कुंडीत थर्मामीटर खुपसून आकडे लिहीत बसते. वहीत 'एक बोट, चार बोटं, वीतभर' असे रकाने पाडलेत! क्लासच्या टेस्टमध्ये मार्क घसरले, म्हणून वही काढून घेतली. तिला कसं समजवावं? - एक पालक, भांडुप

उत्तर : नमस्कार. तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात क्लासची फी आहे, रँक आहे, व्याजदरसुद्धा आहे. मुलीचं नाव मात्र कुठेच नाही, आणि तिला काय वाटतं याची एक ओळही नाही. मला काळजी मार्कांची नाही, त्या वहीची वाटते. अकरावीत युनिट टेस्टचे मार्क घसरणं ही मुंबईतल्या निम्म्या घरांतली गोष्ट आहे. न सांगता मातीत तीन वेगवेगळ्या खोलींवर तापमान मोजणारी मुलगी मात्र माझ्याकडे वर्षात एखादीच येते.

तुमचा मोठा गैरसमज असा, की चंद्रावरचे प्रयोग त्या कंपन्या करतात. घर बदलताना आपण टेंपो सांगतो. फ्रीज टेंपोवाल्याने बनवलेला नसतो, तो फक्त नीट पोचवतो. नासाने 2018 पासून हीच पद्धत धरली आहे : भाडं द्यायचं आणि सामान पाठवायचं. ब्लू घोस्टवर नासाची 10 उपकरणं होती. पृथ्वीवरून सोडलेला लेझर परत पाठवणारा आरसा मेरीलँड विद्यापीठाच्या गटाचा. वायूच्या झोताने माती उडवत सुमारे 3 फूट खाली गेलेला तापमापक टेक्सास टेक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एका यंत्रमानव कंपनीसोबत केलेला. टेंपो हाकणंही सोपं नाही म्हणा! अशाच दुसऱ्या कंपन्यांची यानं बघा : 'पेरेग्रिन'चं इंधन गळलं आणि जानेवारी 2024 मध्ये ते चंद्र न गाठताच परत येऊन वातावरणात जळालं, 'अथेना' मार्च 2025 मध्ये उतरताना आडवं पडलं. ज्याला हाकण्यात रस आहे त्याने जरूर एरोस्पेस करावं. तुमच्या मुलीचा जीव सामानात आहे.

आणि आपलं उदाहरण घ्या. चंद्रयान-3 वरच्या 'चास्ते' या उपकरणाने ऑगस्ट 2023 मध्ये चंद्राच्या मातीत सुई खुपसली. वर पन्नासेक अंश आणि जेमतेम 8 सेंटिमीटर खाली उणे 10! ते तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राने आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने मिळून केलं. तुमची मुलगी गच्चीवर तेच करतेय, फक्त तिची सुई काचेची आहे.

अमेरिकेतल्या नोकरीबद्दल स्पष्टच सांगते. तिथे रॉकेट आणि यानांचं तंत्रज्ञान निर्यात-नियंत्रण कायद्याखाली येतं. त्यामुळे अशा कंपन्यांच्या बहुतेक जाहिरातींत अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवेत अशी अट असते. एमएस करून व्हिसावर असलेल्या मुलांना ती दारं सहसा बंदच असतात. तेव्हा फ्लॅटचे कागद कपाटात राहू देत, वही तेवढी बाहेर काढा.

तिला भौतिकशास्त्र, भूभौतिकी किंवा इन्स्ट्रुमेंटेशन जास्त जमेल असं मला दिसतं. आयसर या विज्ञान संस्थांसाठी त्यांची स्वतःची परीक्षा, कलिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रासाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा आणि जेईई चालू आहेच. गणित सोडायचं नाही, एवढं पुरे. सुट्टीत कुर्ल्याला हार्बर पकडून मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात तिला एकदा घेऊन जा. तिथल्या विज्ञान ऑलिंपियाड स्पर्धांची चौकशी तिला स्वतःला करू द्या, तुम्ही बाहेर चहा प्या.

पुढचं पत्र तिने लिहावं, तुम्ही न वाचता पाठवावं. आणि आज रात्री तिला एक विचारा : मातीच्या वरच्या थरात दुपारी दोनच्या सुमाराला सगळ्यात जास्त तापमान येतं, मग वीतभर खाली ते किती वाजता येतं? वहीत बघून सांगेल ती.