ओबो घेऊन संगीत विद्यालयात जायचंय?

ओबोवर (सनईसारखं फुंकून वाजवायचं पाश्चात्त्य वाद्य) प्रवेशाची तयारी सुरू केलीस, फार आनंद झाला. आत्ताच अवघड कॉन्चेर्टोच्या (वाद्यवृंदासोबत एकट्याने वाजवायच्या मोठ्या रचनेच्या) मागे लागू नकोस. सोपीच रचना घे, पण सुरात वाजव.

रोज आधी लांब स्वर: बारीक सुरू कर, फुगव, पुन्हा बारीक कर. ट्यूनरचा (सूर दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा हलता कामा नये. ओबोला हवा कमी लागते, त्यामुळे दम संपण्याआधी शिळी हवाच छातीत कोंडते. विरामाच्या जागी आधी श्वास सोड, मग घे. त्या जागा नोटेशनवर पेन्सिलीने मांडून ठेव.

खरी परीक्षा रीडची, म्हणजे तोंडात धरायच्या बोरूच्या पातळ पत्तीची. बडोद्याच्या मे महिन्यात ती लगेच सुकते, पावसाळ्यात तीच जड वाजते. तीन-चार रीड आलटून पालटून वापर, वाजवण्याआधी काही मिनिटं पाण्यात ठेव. एकाच लाडक्या रीडवर विसंबू नकोस, ऐनवेळी तीच दगा देते. लाकडी ओबो असेल तर एसीच्या खोलीत आधी हाताने कोमट कर, थंड लाकडात ऊन श्वास गेला की तडा जाऊ शकतो.

आणि गाणं सोडू नकोस. सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढलेल्या गावात गुरू शोधायला लांब जावं लागत नाही. स्केल (स्वरांचा चढ-उतार) आधी गळ्यातून काढ, मग बोटांवर घे.