आधी उजेड, मग पार्श्वभूमी

व्हिडिओ कॉलवरील सादरीकरणात चेहरा काळवंडतो आणि आभासी पार्श्वभूमी लावली की केसांच्या कडा व हातातला कापडाचा नमुना नाहीसा होतो, तर रिंग लाइट (कड्यासारखा गोल दिवा) घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी टेबल फिरवून पाहावे, कारण यातला बराचसा त्रास उजेडाचा आहे.

आपण खिडकीकडे पाठ करून बसता. वेबकॅम सबंध चौकटीतला उजेड पाहून एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ ठेवायचे ते, ठरवतो, त्यामुळे मागे लख्ख खिडकी असली की तो सगळेच चित्र गडद करतो आणि त्यात चेहरा बुडतो. खिडकी समोर किंवा किंचित बाजूला घ्यावी. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढावा. रात्री नुसत्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली सावल्या पडतात, म्हणून टेबल लॅम्पचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर टाकावा. तिथून परतणारा प्रकाश फार मऊ असतो. चष्म्यावर चकाकी येत असल्यास दिवा डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर आणि बाजूला सरकवावा. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले, तर कॅमेऱ्याची फ्लिकर सेटिंग (दिव्यांच्या लुकलुकीशी जुळवून घेणारी) 50 हर्ट्झवर आणावी, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे.

आता पार्श्वभूमी. सॉफ्टवेअर चित्रातून माणसाची आकृती ओळखून कापते. उजेड कमी असला की चित्रात दाणे येतात, काळे केस आणि गडद भिंत यांतली सीमा पुसट होते आणि कडा थरथरू लागतात. नमुन्याची गोष्ट मात्र वेगळी आहे: तो माणसाचा भाग नसल्याने भरपूर उजेडातही कापला जाऊ शकतो. ऑनलाइन तासाला मी परीक्षानळीतला रंगबदल दाखवत होते, तेव्हा एका मुलीने सांगितले, "मॅडम, तुमची बोटंच दिसताहेत." त्या दिवसापासून वस्तू दाखवायची असेल तेव्हा मी आभासी पार्श्वभूमी लावत नाही, मागे कोरी भिंत ठेवते आणि तिच्यापासून तीन-चार फूट पुढे बसते. आपणही तसेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. कंपनीचे बोधचिन्ह पार्श्वभूमीवर हवेच असेल, तर ते आपल्याला उलटे दिसले तरी काळजी करू नये; आपले चित्र आपल्याला बहुधा आरशासारखे दाखवले जाते, इतरांना अक्षरे सुलटीच दिसतात.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी, नेमक्या त्याच वेळी, एकट्यानेच मीटिंग सुरू करून नमुना हातात धरून दोन मिनिटे रेकॉर्ड करावे. सकाळी अकराचा उजेड आणि संध्याकाळी पाचचा उजेड यांत पुष्कळ फरक पडतो.