रिफायनरीच्या आधीची गोष्ट

*"आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, बी ग्रुप, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र. नीटचा क्लास लावला होता, पण दिवाळीनंतर तिने जाहीर केलं की तिला जिऑलॉजी करायचंय. घरात तिने जमवलेल्या दगडांची दोन खोकी आहेत, सासूबाई त्यांना 'हिचे धोंडे' म्हणतात. हे कोयलीच्या रिफायनरीत तीस वर्षं काढून आता निवृत्तीला आलेत. त्यांचं म्हणणं, डॉक्टर झाली तर चार लोकांच्या कामी तरी येईल, दगड तपासून कुणाचं काय भलं होणार? मुलगी म्हणते, देश त्याच्यावरच उभा राहतो. बापलेकीचे रोज खटके उडतात. शिवाय मुलीच्या जातीने रानावनात हिंडायचं, याची मला धाकधूक वाटते ती वेगळीच. काय करावं?" — एक आई, वडोदरा*

ताई, तुमचं पत्र वाचताना मी एका शब्दापाशी थांबले: कोयली. बापलेकीच्या भांडणाचा निकाल त्या एका शब्दात आहे, आणि गंमत म्हणजे तो तुमच्या घरातच तीस वर्षं बसून आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे तेल निघायचं ते आसामात, डिग्बोईच्या बाजूला. गुजरातेत तेल असेल यावर फारसा कुणाचा भरवसा नव्हता. 1956 साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, म्हणजे आजचं ओएनजीसी, आणि त्याची माणसं खंभातच्या परिसरात उतरली. वरून बघाल तर तिथे काय? सपाट शेतं, कपाशी, तंबाखू. पण खाली जमीन लांबट पट्ट्यात खचलेली आहे. त्या खचलेल्या भागात आपल्या ओळखीचा काळा बेसॉल्ट तळाशी आहे आणि त्याच्यावर गाळाचे थर साचत गेलेले. त्यातल्या काळ्या चिखलात पुरलं गेलेलं सेंद्रिय द्रव्य उष्णतेने आणि दाबाने शिजलं, तेल झालं, आणि वर सरकताना वाळूच्या थरांत अडकून बसलं. हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. जमिनीत छोटे स्फोट करायचे, खालून परत येणाऱ्या लहरी मोजायच्या आणि त्यावरून कुठला थर कुठे फुगलाय याचा नकाशा काढायचा. असा फुगवटा सापडला की तिथे बोअर घ्यायची. 1958 मध्ये खंभातजवळ लुणेजला पहिलं यश आलं आणि 1960 मध्ये अंकलेश्वरला मोठा साठा लागला. पंडित नेहरूंनी तिथल्या विहिरीला 'वसुधारा' नाव दिलं.

त्या तेलासाठी आपल्या शेजारी रिफायनरी उभी राहिली, ती कोयलीची. 1965 साली ती सुरू झाली. खत कारखाना आणि आयपीसीएल ही पेट्रोरसायनांची सरकारी कंपनीही त्याच दशकात आली आणि वडोदरा गायकवाडांच्या राजधानीचं कारखान्यांचं शहर झालं. तुमच्या यजमानांना एकदा विचारा, त्यांच्या पहिल्या पगाराच्या आधी नेमकं काय घडलं होतं? कुणीतरी तंबाखूच्या शेतात उभं राहून दगडाचा विचार केला होता.

आता 'देश त्याच्यावरच उभा राहतो' या वाक्याबद्दल. मुलगी बरोबर आहे, पण वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखं बोलतेय. तिला थोडं खाली उतरवायला हवं. भूगर्भशास्त्रज्ञ सोनं काढून देत नाही. तो पैसा घालण्याआधी माहिती देतो, आणि ती माहिती बहुतेक वेळा 'इथे काही नाही' अशी असते. कोरडी गेलेली बोअर घरी कुणी कौतुकाने सांगत नाही, पण तिच्यामुळे पुढच्या माणसाचे कोट्यवधी रुपये वाचतात. ही कामं बाजारावर सोडून चालत नाहीत. म्हणून तर ब्रिटिशांनी कोळशाच्या गरजेपोटी 1851 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, सुरू केलं. आणि आपल्या सयाजीराव महाराजांनीही ते ओळखलं होतं. रॉबर्ट ब्रूस फूट हे नाव तुमच्या लेकीला ठाऊक असेल. 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला पाषाणयुगातली हातकुऱ्हाड ओळखणारा तोच गृहस्थ. जीएसआयमधून निवृत्त झाल्यावर सयाजीरावांनी त्याला बडोदा संस्थानात आणलं आणि संस्थानाच्या भूगर्भावरचं त्याचं पुस्तक 1898 साली निघालं. शाळा, वाचनालयं, सगळं महाराजांनी काढलं ते आपण सांगतो, पण जमिनीखाली काय आहे याचीही त्यांनी चौकशी केली होती हे कुणी सांगत नाही.

शोध आणि खाण यांच्यामध्ये किती अंतर असतं, हे कळायला रियासीचं उदाहरण बघा. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात लिथियमचे 59 लाख टन साठे असल्याची बातमी आली आणि टीव्हीवाल्यांनी भारत उद्याच बॅटरीचा राजा होणार असं सांगून टाकलं. सरकारी कागदावर मात्र त्याच्यापुढे 'जी 3' आणि 'अनुमानित' असं लिहिलं होतं. शोधाच्या चार पायऱ्या असतात, जी 4 पासून जी 1 पर्यंत. जी 4 ला नुसती चाहूल, जी 1 ला थोड्या थोड्या अंतरावर बोअर घेऊन सविस्तर मोजलेला साठा. शिवाय तो आकडा लिथियम असलेल्या दगडाचा, निव्वळ धातूचा नव्हे. पुढे त्या पट्ट्याचा लिलाव काढला तर पुरेसे बोलीदारच आले नाहीत. एका पायरीवरून दुसरीवर जायला वर्षं लागतात, आणि मधे कुठेही 'परवडत नाही' म्हणून काम थांबू शकतं. तुमच्या मुलीला विचारा, पाच वर्षं खपून शेवटी 'नाही' असा अहवाल लिहायची तिची तयारी आहे का? मी मुलांना हाच प्रश्न विचारते. मार्क नंतर.

आणि लांब कशाला जायचं, छोटाउदेपूर जिल्ह्यातला अंबाडुंगर घ्या. तिथला दगड दिसायला चुनखडीसारखा, पण तो ज्वालामुखीच्या पोटातून आलेला कार्बोनेटाइट आहे, हे 1963 साली सुखेस्वाला आणि उदास या दोघांनी दाखवून दिलं. भारतातला तो पहिला. त्याच्यासोबत फ्लोरस्पार नावाचं खनिज आहे. पोलाद वितळवताना ते भट्टीत टाकतात, आणि त्यापासून होणाऱ्या आम्लातून फ्रिज-एसीच्या वायूंपर्यंत साखळी जाते. तिथेच दुर्मिळ मृदा धातूही आहेत, म्हणजे विजेवरच्या गाडीच्या मोटरमधल्या चुंबकाला लागणारे. त्या धातूंवर चीनची मक्तेदारी आहे, म्हणून 2023 मध्ये केंद्र सरकारने 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी केली आणि 2025 च्या जानेवारीत त्यासाठी वेगळं अभियान मंजूर केलं. साठ वर्षांपूर्वी कुणी केवळ कुतूहलाने ओळखलेला दगड आज देशाच्या कामी येतो तो असा. (फ्लोरस्पार म्हटलं की आमच्या लहानपणी जांभळे स्फटिक असत, ते पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवायचे. तुमच्या लेकीच्या खोक्यात एखादा असेल तर सांभाळून ठेवायला सांगा.)

खनिजं हा एक भाग झाला. तुमच्या यजमानांना 26 जानेवारी 2001 ची सकाळ आठवत असेलच, झेंडावंदनाची वेळ होती. अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी तिथल्या उंच इमारती कोसळल्या. बांधकाम कच्चं होतं हे खरंच, पण साबरमतीच्या गाळावरची माती हादरा वाढवते, हेही होतं. कुठल्या जमिनीवर किती मजले, हे सांगायला भूगर्भ समजणारा माणूस लागतो. विहीर कुठे खोदावी, कुठला डोंगर पावसाळ्यात घसरेल, मेट्रोचा बोगदा कुठून न्यावा, हे सगळं त्याच्याच पदरात. 'चार लोकांच्या कामी येणं' म्हणतात ते हेच, फक्त पेशंटला डॉक्टरचं नाव ठाऊक नसतं.

खाण म्हणजे विकास, असं मात्र मी म्हणणार नाही. खाणीशेजारच्या गावाला धूळ मिळते आणि पैसा शहरात जातो, हे आपण पाहिलंय. 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर खाणींची झळ बसलेल्या प्रत्येक जिल्ह्यात खाणींच्या रॉयल्टीच्या हिशोबाने निधी जमा होतो, तो किती नीट खर्च होतो ही गोष्ट वेगळी. या क्षेत्रात जाणाऱ्या मुलीने हेही डोळे उघडे ठेवून बघावं.

मुलगी म्हणून धाकधूक वाटणं साहजिक आहे. तरी दोन गोष्टी ऐकून घ्या. तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत, 1983 साली, दोन बायका गेल्या होत्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता, भूगर्भशास्त्रज्ञ. दुसरी नागपूरची अदिती पंत, समुद्राची अभ्यासक. दुसरं, भूमिगत खाणीत तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर दिवसपाळीत स्त्रियांना काम करायला सरकारने 2019 मध्ये परवानगी दिली, तोवर दार बंदच होतं. फील्ड म्हणजे जंगल, तंबू, जीप, कधी विचित्र गेस्टहाऊस, आणि शौचालयाची पंचाईत. तिला हे आधीच माहीत असू द्या, लपवू नका. फील्ड एकटीने करायचं नसतं, बरोबर टीम असते. पहिल्या फील्डहून परतलेल्या मुलींच्या तोंडचं मी ऐकलंय, त्या पायाच्या फोडांबद्दल बोलतात आणि पुढच्या वेळी कुठे जायचं ते विचारतात.

आता मार्गाबद्दल, थोडक्यात. बी ग्रुप अडचणीचा नाही. इथे एमएस युनिव्हर्सिटीच्या सायन्स फॅकल्टीत जिऑलॉजीचा विभाग आहे, बी.एस्सी. तिथे करता येईल. पण गणिताकडे पाठ फिरवू नका, विशेषतः जिओफिजिक्सकडे, म्हणजे लहरी वगैरे मोजून जमिनीखालचं ओळखण्याच्या शास्त्राकडे, वळायचं असेल तर तिने स्वतः बसून ते भरून काढावं. तिसऱ्या वर्षी आयआयटीची जॅम ही परीक्षा द्यावी. मुंबई, रुरकी, खरगपूर, धनबाद इथे एम.एस्सी.ची दारं त्यातून उघडतात. सरकारी नोकरीचं मोठं दार म्हणजे यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्याला एम.एस्सी. लागतं आणि वय 21 ते 32, म्हणजे घाई नाही. जीएसआयमध्ये भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळात जलभूवैज्ञानिक या पदांसाठी ती एकच परीक्षा. गट 'अ' ची नोकरी, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार 56,100 पासून. गेट ही आणखी एक राष्ट्रीय परीक्षा, ओएनजीसीसारख्या कंपन्यांनी तिच्या गुणांवरही भरती केली आहे. नागपूरलाही खनिज शोधाची सरकारी कंपनी आहे, आणि भारतीय खाण ब्यूरोही तिथेच.

इतकं सांगितल्यावर गोड चित्र रंगवलं असं वाटू नये. जागा दरवर्षी सारख्या निघत नाहीत, काही वर्षी हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. तेल कंपन्यांची भरती तेलाच्या दराबरोबर हलते. 2014 च्या मध्यात पिंपाला शंभर डॉलरवरचं तेल 2016 च्या सुरुवातीला तिशीच्या खाली गेलं, तेव्हा चांगले शिकलेले मुलगे वर्षभर घरी बसले होते. मी स्वतः एका घरी सांगून आले होते की आता नोकरीची काळजी करू नका. त्या वडिलांचा फोन आला तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. म्हणून आता मी एक मार्ग असतानाच दुसरा तयार ठेवायला सांगते, भूजल किंवा बांधकामासाठीची भू-तपासणी, आणि जीआयएस (संगणकावरचे नकाशे) व प्रोग्रॅमिंग आतापासून.

फॉर्म भरायच्या आधी एका रविवारी तिघं पावागडला जा. रोपवे घेऊ नका. तळापासून वरपर्यंत तिला दगड बघायला सांगा: खालचा काळा बेसॉल्ट आहे, माथ्याकडे फिकट रायोलाइट लागतो. जिथे दगड बदलतो ती जागा ती स्वतः ओळखते का, हे तिच्या बाबांनी बघावं, आणि मध्ये बोलू नये. दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन विचारा, वर्षाला फील्ड किती दिवस असतं आणि थिन सेक्शन, म्हणजे दगडाची अगदी पातळ चकती, पाहायला सूक्ष्मदर्शक विद्यार्थ्यांच्या हाती किती येतो. तिने नीटच्या क्लासला जायचं का थांबवायचं, ते त्यानंतर. आणि गडावर जाताना तिला नवे बूट नकोत, वापरलेले घाला.