वसतिगृहाच्या आधी तपासणी

सातवीत शिकणाऱ्या मुलाविषयीचे आपले पत्र मिळाले. नाशिकच्या सीबीएसई शाळेत तो सहामाहीला तीन विषयांत नापास झाला, 'दुसरी शाळा पाहा' असे मुख्याध्यापिकांनी तोंडी सुचवले, आणि जूनपासून त्याला कडक शिस्तीच्या निवासी शाळेत घालावे का, असे आपण विचारता. त्याच्या गुणांपेक्षा मला आपल्या एका वाक्याची अधिक काळजी वाटते: 'त्याची आई रोज रात्री धडे वाचून दाखवते, त्यामुळे तो आळशी झाला आहे.' ऐकलेल्या विज्ञानाच्या धड्यावरची उत्तरे तो तोंडी बिनचूक देतो, मात्र वाचताना अडखळतो, लिहिताना अक्षरे गाळतो आणि फळ्यावरचे उतरवून होण्याआधीच त्याचा तास संपतो, हेही आपणच लिहिले आहे. आळशी मुलाला ऐकलेला धडा इतका नेमका सांगता येत नाही. आईचे वाचून दाखवणे ही त्याला आज मिळणारी एकमेव योग्य मदत आहे आणि वसतिगृहात नेमकी तीच बंद पडेल. त्याचा तबल्याचा क्लास बंद करणे आणि धाकट्या बहिणीचे प्रगतिपुस्तक त्याच्यापुढे धरणे हे दोन्ही उपाय आपण वर्षभर करून पाहिले. त्यांचा परिणाम सहामाहीत दिसलाच आहे.

'तपासणी केली तर मतिमंदांच्या शाळेत जावे लागेल' ही आपली भीती निराधार आहे. अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता या वेगळ्या गोष्टी असून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी सहसा सर्वसाधारण किंवा त्याहून अधिकही असते. अडचण असते ती वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये तिची स्वतंत्र नोंद आहे. अशी मुले सर्वसाधारण शाळांतच शिकतात, आणि अक्षमतेचे प्रमाणपत्र असल्यास जादा वेळ, लेखनिक, तिसऱ्या भाषेतून सूट यांसारख्या सवलती सीबीएसई देते. आपल्या मुलाला ही अक्षमता आहेच, असे मी पत्रावरून म्हणणार नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षकांकडून रीतसर चाचण्या करवून घ्या. प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. मुंबईच्या शीव रुग्णालयात यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

शाळेचे म्हणणे लेखी मागा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, हे ध्यानात असू द्यावे. पुढे गरज पडलीच तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) वयाच्या चौदाव्या वर्षानंतर पाच विषय टप्प्याटप्प्याने देऊन दहावी होता येते.

शाळा बदलायचीच ठरली तर इमारत आणि निकालाचा फलक पाहून निर्णय घेऊ नका. विशेष शिक्षक पूर्णवेळ आहेत का, वर्गात मुले किती, तोंडी उत्तर ग्राह्य धरतात का, सवलत घेऊन दहावीला बसलेले विद्यार्थी शाळेत आहेत का, हे विचारा आणि उत्तर देताना मुख्याध्यापक चाचरतात का तेही पाहा. मुलगा सोबत असू द्या. बारा वर्षांच्या मुलाला स्वतःचे मत असते आणि आपल्या तीन पानी पत्रात ते कुठेही आलेले नाही.

निवासी शाळेची आगाऊ रक्कम या महिनाअखेर भरायची असल्याचे आपण लिहिता. ती भरू नका.