रोमन सैनिकांच्या शिरस्त्राणावर तुरा कशाने बसवत?

प्रश्न छान आहे, कारण उत्तर काळानुसार बदलतं. प्रजासत्ताकाच्या काळातल्या माँतेफोर्तिनो प्रकारच्या काशाच्या शिरस्त्राणाला माथ्यावर घुंडी असे. ती बहुधा शिरस्त्राणासोबतच घडवलेली. काहींच्या घुंडीत शिसं ओतून भोक ठेवलेलं सापडतं. त्यात तुऱ्याची खीळ खोचायची. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस जांभळ्या किंवा काळ्या तीन उभ्या पिसांचं वर्णन करतो, हातभर उंचीची! ते घालणारा माणूस आहे त्याहून दुप्पट उंच वाटावा, हाच हेतू.

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या लोखंडी शिरस्त्राणांवर तुरा काढण्या-घालण्याच्या नव्या सोयी दिसतात. मला सगळ्यात आवडते ती इटालिक प्रकारातली सोय: माथ्यावर खाच असलेली छोटी पट्टी, तिच्यात तुऱ्याचा दांडा घालून फिरवला की अडकला. तुरा हलू नये म्हणून पुढेमागे आकडे असत, तिथे तो बांधत. काहींना बाजूला पिसांसाठी बारीक नळ्याही असत.

तुरा काढून ठेवत याला सीझरचाच पुरावा आहे. इ.स.पू. 57 मध्ये साबिस नदीकाठी शत्रू इतक्या अचानक आला, की सैनिकांना तुऱ्यासारखी चिन्हं लावायलाच काय, शिरस्त्राण घालायलाही वेळ मिळाला नाही.