वाचकांचे प्रश्न : दोघींची नाव, दूरची नदी

प्रश्न : आम्ही दोघी जावा वैनगंगेत डोंगा वल्हवतो. कॅनडातील युकॉन नदीवरच्या लांब पल्ल्याच्या कॅनो शर्यतीत आम्हांला उतरता येईल का?
— एक वाचक, पवनी परिसर

उत्तर : अवश्य, तेथे महिलांसाठी स्वतंत्र गट असतो. मात्र व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी हे सुमारे ७१५ किलोमीटरचे अंतर सक्तीची विश्रांती वगळता रात्रंदिवस वल्हवावे लागते, आणि लबार्ज सरोवरावरचा वारा व अतिथंड पाणी यांची आपल्याकडे सवय होत नाही, याची मला खरी काळजी वाटते. कॅनोत पुढची ताल धरते, मागची दिशा सांभाळते. झोप अनावर झाल्यावरही हा मेळ टिकतो का, हे गोसीखुर्द जलाशयात, परवानगीने आणि जीवरक्षक जाकीट घालूनच, आधी तपासावे.