सिडनीत ट्रेकला कुणाबरोबर जायचं?

तू विचारलंयस की फेब्रुवारीत नोकरीसाठी एकटी सिडनीला येतेय, आपल्याकडे महिन्याला एखादा तरी किल्ला होतो, तर इथे ग्रुप कसा मिळेल, अनोळखी लोकांबरोबर रानात जाणं सुरक्षित आहे का आणि निघताना काय सामान घेऊ. वयाने मी बरीच मोठी असणार, म्हणून सरळ अगं-तुगं करते. पुण्याहून इथे येऊन मला 14 वर्षं झाली, आणि त्यातली 12 वर्षं मी एका बुशवॉकिंग क्लबची सभासद आहे.

आधी शब्दाचं सांगते. इथे 'ट्रेकिंग' म्हटलं की लोकांना नेपाळ आठवतो. रानातून पायी भटकण्याला इथे 'बुशवॉकिंग' म्हणतात, त्यामुळे शोधताना हाच शब्द वापर. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समधल्या क्लबांची 'बुशवॉकिंग एनएसडब्ल्यू' नावाची शिखर संस्था आहे, तिच्याकडे सगळ्या क्लबांची यादी मिळते. 'सिडनी बुश वॉकर्स'सारखा क्लब तर 1927 पासून चालू आहे. राहायची जागा ठरली की त्या बाजूचा क्लब बघ, कारण पहाटे शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं म्हणजे निम्मा उत्साह तिथेच संपतो.

आपल्याकडे आता पैसे भरले की बस, नाश्ता, जेवण सगळं मिळतं आणि चाळीस-पन्नास जण एका गडावर चढतात. क्लबचं तसं नाही. लीडर हा तुझ्यामाझ्यासारखाच नोकरी करणारा किंवा निवृत्त माणूस असतो, एक पैसाही घेत नाही. तो वाट ठरवतो, तारीख ठरवतो आणि साधारण आठ-दहा जणांना बरोबर नेतो. तू फक्त वर्गणी आणि कुणाच्या गाडीतून गेलीस तर पेट्रोलचा वाटा द्यायचा. नवख्या माणसाला बहुतेक क्लब पाहुणा म्हणून एक-दोनदा येऊ देतात. 'धोका मला माहीत आहे' अशा अर्थाच्या कागदावर सही करावी लागते. तो कागद नीट वाच, त्यात काही वावगं नसतं.

कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक वॉकपुढे अंतर, चढ आणि अवघडपणाची श्रेणी दिलेली असते. 'ऑफ-ट्रॅक' हा शब्द दिसला तर सुरुवातीला लांब राहा. तिथे पायवाटच नसते, काटेरी झुडपांतून नकाशा बघत घुसायचं असतं. नाव नोंदवण्यासाठी लीडरला आधी फोन करायचा. तो तुला विचारेल, आतापर्यंत काय चाललीस? 'राजगड-तोरणा केलाय' हे उत्तर त्याला काहीच सांगत नाही. किती तास चाललीस, किती मीटर चढलीस, पाठीवर किती ओझं होतं, हे सांग. तो कधी 'हा वॉक तुझ्यासाठी नाही, पुढच्याला ये' असंही म्हणेल. वाईट वाटून घेऊ नकोस. दरीत खाली उतरल्यावर सगळ्यांची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि असा स्पष्ट नकार देणारा लीडर मला जास्त भरवशाचा वाटतो.

आता खरं महत्त्वाचं. आपल्याला सह्याद्रीची सवय असते. पायथ्याचं गाव, तिथे चहा-पोहे, मग सकाळच्या गारव्यात चढ, आणि दमल्यावर उतार. सिडनीच्या पश्चिमेच्या ब्लू माउंटन्स डोंगरांत सगळं उलटं आहे. रस्ता आणि रेल्वे दोन्ही माथ्यावरून जातात. काटूम्बा, ब्लॅकहीथ ही गावं वर, आणि रान खाली दरीत. सकाळी ताज्या पायांनी उतरायचं आणि दुपारी थकलेल्या पायांनी, उन्हात, तेच सगळं परत चढायचं. पहिल्या वॉकला मला हे कळलंच नव्हतं. उतरताना मी मजेत पुढे होते. परतीच्या चढावर माझं दीड लिटर पाणी संपलं, पायात गोळे आले, आणि सत्तरीच्या आसपासच्या एका बाईंनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी देऊन, माझ्या वेगाने चालत मला वर आणलं. खाली ना गाव, ना टाकं, ना वाट विचारायला गुराखी. ओढ्याचं पाणी वरच्या गावांतून वाहत येतं, ते न उकळता पिऊ नये. म्हणून 3 लिटर पाणी घे, आणि निम्मी ताकद चढासाठी राखून ठेव.

ही उलटी वाट एकदा पायात बसली की पेरीज लुकडाउनवरून ब्लू गम फॉरेस्टला जा. सरळ 600 मीटरच्या आसपास उतार आहे, गुडघे बोलायला लागतात. पण खाली ग्रोज नदीकाठी निळसर-पांढऱ्या खोडांची उंचच उंच निलगिरीची झाडं उभी आहेत, आणि ती उभी आहेत ती क्लबवाल्यांमुळे. 1931 च्या ईस्टरला तिथे मुक्कामाला गेलेल्या भटक्यांना कळलं की भाडेपट्ट्याने जमीन घेतलेला माणूस ही झाडं तोडून अक्रोड लावणार आहे. जगभर मंदी होती, तरी त्यांनी आपसांत वर्गणी काढली, कर्ज घेतलं आणि 130 पौंड देऊन त्याला तो पट्टा सोडायला लावला. पुढच्या वर्षी ते रान राखीव झालं. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा आमच्या लीडरने झाडाखाली बसून हे सांगितलं होतं. क्लबात आपण का आहोत, ते मला त्या दिवशी कळलं.

सुरक्षिततेचं विचारलंस. एकट्या बाईने क्लबबरोबर जाण्यात मला कधीच अवघडल्यासारखं झालं नाही. लीडर स्त्रियाही असतात, आणि शेवटी चालणारा एकजण कायम ठरलेला असतो. खरी काळजी निसर्गाची. तू येशील तेव्हा कडक उन्हाळा असेल. ज्या दिवशी 'टोटल फायर बॅन', म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी, लागतो किंवा वणव्याच्या भीतीने उद्यान बंद होतं, त्या दिवशी वॉक रद्द होतो, त्यावर वाद घालायचा नाही. चालायचा खरा मोसम एप्रिल ते सप्टेंबर. जूनमध्ये मात्र 5 वाजताच अंधार होतो, तेव्हा हेडटॉर्च कायम सॅकमध्ये. सापाच्या दंशासाठी रुंद इलॅस्टिक बँडेज प्रत्येकाकडे असतं. जागा धुवायची नाही, सगळा हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, हलायचं नाही आणि 000 या आणीबाणीच्या नंबरला फोन. दऱ्यांत रेंज नसते, म्हणून गट पीएलबी नेतो. उपग्रहामार्फत मदत मागणारं हे छोटं यंत्र ब्लू माउंटन्समध्ये पोलीस आणि राष्ट्रीय उद्यानाचं कार्यालय फुकट उसनं देतात. आरोग्यविमा घेताना त्यात अँब्युलन्स आहे का ते नक्की बघ. मेडिकेअर या इथल्या सरकारी आरोग्य योजनेत ती येत नाही.

मार्चमध्ये सुरुवात रॉयल नॅशनल पार्कच्या समुद्रकाठच्या सोप्या वॉकने कर, ट्रेनने जाता येतं. ओटफर्ड ते बुंडीना हा 26 किलोमीटरचा सगळा पल्ला मात्र थंडीसाठी ठेव.

सामान फार आणू नकोस. सॅक आणि रेनकोट इथे येऊन, क्लबातल्या लोकांना विचारून घे. पायाला बसलेले बूट मात्र जरूर आण, पण तळव्याच्या खाचांतली सगळी माती टाचणीने काढून, धुऊन, वाळवून. विमानात जो फॉर्म भरायचा असतो त्यात मातीबद्दल विचारतात. चालायला वापरलेले बूट आहेत, असं खरं सांग, आणि बॅगेत वरच ठेव म्हणजे तपासणाऱ्याला दाखवता येतील. डिंकाचे लाडू, चिक्की, जे खायचं असेल तेही त्याच फॉर्मवर लिहायचं.